लिंबाचा बाप कोण? लिंबूवर्गीय फळांच्या वंशावळीचा आढावा

संत्रे, मोसंबी, कागदी लिंबू, ईडलिंबू, पपनस आणि महाळुंग या सहा फळांपैकी निसर्गातली मूळची कोणती आणि पुढे सरमिसळीतून जन्मलेली कोणती, असे विचारले तर उत्तर अनपेक्षित येते. ज्याच्यावाचून आपले पोहे, सरबत आणि दृष्ट काढणे अडते ते लिंबू मूळचे नाही. मोसंबी नाही, ईडलिंबूही नाही. खात्रीने मूळची म्हणावीत अशी दोनच उरतात, पपनस आणि महाळुंग. त्यांतले पहिले आता गणपतीच्या माटोळीपुरते उरले आहे आणि दुसरे पुष्कळांनी फक्त कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात पाहिलेले असते. बाकीची फळे म्हणजे ही दोन, एक जंगली आंबट संत्रे आणि आणखी एकदोन रानटी वंश यांची मुले-नातवंडे. त्यांपैकी कोणाचे आईबाप कोण, हा वाद पावणेतीनशे वर्षे चालू आहे.

या काळात नवे साधन हाती आले की उत्तर बदलले. पण ही साधने एकाच प्रश्नाची उत्तरे देत नव्हती. पानाफुलांचे रूप पाहून फळ कोणासारखे आहे ते कळते. पेशीतल्या हरितलवकावरून आई कळते. संपूर्ण जीनोम वाचला की कोणत्या पूर्वजाचा वाटा किती, ते कळते. नेमके कोणते झाड, कोणाच्या बागेतले, कोणत्या साली फुललेले, हे मात्र यांपैकी एकही साधन सांगत नाही. म्हणून ‘कोडे सुटले’ अशी बातमी आली की आधी पाहावे, कोणता प्रश्न सुटला.

दोन, सोळा की एकशे बासष्ट?

लिनियसने १७५३ मध्ये या साऱ्या पसाऱ्याला दोनच प्रजातींत बसवले. एक महाळुंगाची, दुसरी नारिंगाची. लिंबू त्याने महाळुंगाचा एक प्रकार म्हणून लावले, तर गोड नारिंग आणि पपनस यांना आंबट नारिंगाच्या पोटात घातले. पुढे आशियातली फळे युरोप-अमेरिकेतल्या संग्रहांत पोहोचू लागली तशी नावे वाढत गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन टोकाच्या मांडण्या तयार झाल्या. अमेरिकेच्या वॉल्टर स्विंगलने १९४३ मध्ये सोळा प्रजाती मानल्या. जपानच्या त्योझाबुरो तानाका यांची यादी वाढत वाढत अखेर १६२ वर गेली.

एकाच फळकुळाकडे पाहणाऱ्या दोन जाणकारांत दहापट फरक पडावा, हे निष्काळजीपणाने घडलेले नाही. त्याचे कारण या फळांच्या बियांत आहे.

संकरित झाडाचे बी पेरले की सहसा पुढच्या पिढीत गुण विस्कटतात, आणि त्यावरून झाड संकरित असल्याचा सुगावा लागतो. लिंबाचे बी पेरले तर मात्र जवळजवळ हमखास तसेच लिंबू मिळते. लेव्हेनहूकने १७१९ मध्येच नारिंगाच्या एका बीत दोन भ्रूण पाहिले होते. हे जादा भ्रूण परागाविना, बीजांडातल्या आईच्याच ऊतीतून उगवतात, हे एडुआर्ड स्ट्रासबुर्गरने १८७८ मध्ये दाखवले. म्हणजे एकाच बीत एक भ्रूण आईबापांचा आणि बाकीचे निव्वळ आईच्या प्रती. या प्रती बहुधा जोमदार असतात आणि खऱ्या अपत्याला मागे टाकतात. चीनच्या वुहान इथल्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये या बहुभ्रूणतेला कारणीभूत असलेले जनुक शोधले. त्याच्या नियंत्रक भागात डीएनएचा एक छोटा तुकडा घुसल्यामुळे ते बीजांडात जागे होते. पपनस आणि महाळुंग यांच्यात हा गुण नाही. त्यांच्या बीत एकच भ्रूण असतो. संत्र्याच्या वंशात मात्र हा गुण सर्रास आढळतो आणि तिथून तो नारिंगाच्या गोतावळ्यात उतरला.

वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या पन्हेरीवाल्यांना ही गोष्ट पुस्तकाविना ठाऊक आहे. संत्र्याचा डोळा भरण्यासाठी जंभेरीचे किंवा रंगपूर लिंबाचे बी टाकले की एकेका बीतून दोन-तीन कोंब वर येतात. वाफ्यातले बहुतेक एकसारखे दिसतात, एखादे वेगळे निघते. खुंट एकजिनसी हवा म्हणून ते वेगळे रोप उपटून फेकतात. बाप असलेले रोप बहुधा तेच असते. नवी जात शोधणाऱ्याला नेमकी त्याचीच गरज असते.

बहुभ्रूणतेमुळे एकदाच जुळलेला संकर शेकडो वर्षे जशाच्या तसा टिकतो. त्यावर माणसाने कलमांची जोड दिली. वनस्पतिशास्त्रज्ञासमोर आलेले फळ बियांतून स्थिर होते, हजारो झाडांवर होते, लोकांत त्याला स्वतंत्र नाव होते. त्याने त्याला प्रजाती म्हटले तर नवल काय? तानाकांच्या यादीतली पुष्कळ नावे अशी एकेका झाडाच्या प्रतींना दिलेली आहेत.

तीन मूळ वंश आणि पापेडा

सत्तरच्या दशकात विचाराने वळण घेतले. कॅलिफोर्नियातले रायनर स्कोरा यांनी १९७५ मध्ये आणि बॅरेट व ऱ्होड्स या जोडीने १९७६ मध्ये, वेगवेगळ्या वाटांनी, एकच निष्कर्ष मांडला. लागवडीतल्या लिंबूवर्गीय फळांच्या मुळाशी खऱ्या प्रजाती तीनच आहेत: महाळुंग, पपनस आणि मँडरिन, म्हणजे सुट्या सालीच्या संत्र्याचा वंश. बॅरेट आणि ऱ्होड्स यांनी पान, फूल, फळ यांचे शंभरहून अधिक गुण मोजून कोण कोणाच्या किती जवळ, याचे गणित मांडले होते. त्या वेळी डीएनए वाचण्याची सोय नव्हती, तरी हे गणित आजही बहुतांशी टिकले आहे.

डीएनए-खुणांची तपासणी सुरू झाल्यावर या तिघांत आणखी एका वंशाची भर पडली. पानाच्या देठाला मोठे पंख असलेल्या, खायला निरुपयोगी अशा रानटी फळांचा गट म्हणजे पापेडा. फिलिपाइन्समधली त्यातली एक प्रजाती कागदी लिंबाच्या कहाणीत महत्त्वाची ठरली.

२०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ग्वोहाँग अल्बर्ट वू, मान्युएल तालोन, डॅनियल रोखसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. साठ झाडांचे जीनोम ताडून त्यांनी दहा मूळ प्रजाती ओळखल्या. हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या टापूत, साधारण साठ ते ऐंशी लाख वर्षांपूर्वी या कुळाच्या फांद्या फुटू लागल्या, असे त्यांचे अनुमान आहे. पावसाळी वाऱ्यांचा जोर घटून हवामान कोरडे होत जाण्याचा तो काळ. युन्नानमध्ये सापडलेला त्याच युगातला पानाचा जीवाश्म या अनुमानाला धरून आहे.

लिंबाची आई, लिंबाचा बाप

हरितलवक आणि मायटोकाँड्रिया आईकडून मुलात येतात, परागातून सहसा नाही. त्यामुळे त्यांचा डीएनए वाचला की आईची बाजू कळते आणि केंद्रकातल्या डीएनएतून ती वजा केली की बापाची. इटलीतल्या निकोलोसी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये या रीतीने बरीच नाती सुचवली. २०१६ मध्ये कुर्क, ऑलित्रो आणि सहकाऱ्यांनी लिंबांच्या शेकड्याहून अधिक प्रकारांवर ती काटेकोरपणे तपासली.

त्यातून निघालेली वंशावळ अशी. पिवळे, लांबट, जगाच्या बाजारात लेमन म्हणून विकले जाणारे लिंबू हे आंबट नारिंग आणि महाळुंग यांचे अपत्य. आई नारिंग, बाप महाळुंग. आंबट नारिंग स्वतः पपनस आई आणि मँडरिन बाप यांचा थेट संकर आहे. म्हणजे या लिंबाचा निम्मा वाटा महाळुंगाचा, पाव पपनसाचा आणि पाव मँडरिनचा. लिनियसने त्याला महाळुंगाखाली घातले, ते निम्मे बरोबर होते.

आपले कागदी लिंबू वेगळ्या घरचे. त्याची आई फिलिपाइन्समधला पापेडा आणि बाप पुन्हा महाळुंग. महाळुंग हिमालयाच्या पायथ्याचे, पापेडा पूर्व समुद्रातल्या बेटांवरचा. दोन्ही झाडे एकाच ठिकाणी फुलल्याशिवाय हा संकर होणार नाही, आणि ती जवळ आणली ती माणसाने, असेच मानावे लागते. राहुरीच्या ‘साई शरबती’पासून परभणीच्या ‘विक्रम’ आणि ‘प्रमालिनी’पर्यंत आपल्या निवडक जाती याच कागदी लिंबाच्या. बिनबियांचे मोठे ताहिती लिंबू ही त्याच्या पुढची पिढी आहे. कागदी लिंबाचा गुणसूत्रांचा दुप्पट संच आणि लेमनचा एक संच मिळून तीनसंची झाड तयार झाले, आणि तीन संच सारखे वाटले जात नाहीत म्हणून त्यात बी धरत नाही.

विदर्भातल्या संत्रा बागांखाली असलेले दोन्ही खुंटही महाळुंगाच्याच घरातले. जंभेरी आणि रंगपूर लिंबू, दोघांचीही आई आंबट मँडरिन आणि बाप महाळुंग. इंग्रजीत एकाला लेमन आणि दुसऱ्याला लाइम म्हणतात, पण वंशाने जंभेरी लेमन नाही आणि रंगपूर लाइम नाही. आईबापांचे वंश तेच, तरी एकाचे फळ खडबडीत पिवळे आणि दुसऱ्याचे नारिंगी गराचे, संत्र्यासारखे. पूर्वजांची नावे कळली म्हणून फळ कसे निघेल ते सांगता येत नाही. प्रत्येक बीजांडात आणि परागकणात जनुकांचा वेगळा वाटा पडतो.

महाळुंग या प्रत्येक नात्यात बापाच्याच बाजूला दिसते. याचे एक कारण त्याच्या फुलात आहे. महाळुंगाचे फूल उमलण्याआधीच बऱ्याचदा स्वतःच्या परागाने फळते. परक्या परागाला तिथे वाव कमी, म्हणून ते आई क्वचितच होते. त्याचा पराग मात्र मधमाश्या शेजारच्या झाडांवर पोहोचवू शकतात. पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागण झाल्यामुळे महाळुंगाच्या जीनोममध्ये विविधता फार कमी आहे आणि त्यामुळेच संकरात त्याचा वाटा चटकन ओळखू येतो.

मोसंबीचे कोडे

गोड नारिंगाचा प्रश्न याहून अवघड निघाला. जालन्याची मोसंबी, आंध्रातली सतगुडी, उत्तरेकडची माल्टा, ब्राझीलमधली नाभी नारिंगे आणि व्हॅलेन्सिया ही सगळी त्याच वर्गात येतात. परदेशात मोसंबीला ‘स्वीट लाइम’ म्हणून वेगळ्या शास्त्रीय नावाखाली घालण्याची पद्धत आहे, पण भारतातल्या फळशास्त्राच्या ग्रंथांत ती गोड नारिंगातच मोजली जाते.

२०१३ मध्ये चिनी संशोधकांनी गोड नारिंगाचा पहिला जीनोम-आराखडा प्रसिद्ध केला. त्यांनी सुचवलेली मांडणी सुटसुटीत होती. पपनस आणि मँडरिन यांचा संकर झाला आणि त्या संकराचा पुन्हा मँडरिनशी संयोग झाला. आई पपनसाच्या बाजूची, हे हरितलवकावरून ठरलेच होते.

पुढच्याच वर्षी वू आणि सहकाऱ्यांनी या मांडणीतली अडचण दाखवली. बाप शुद्ध मँडरिन असता तर गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीत एक प्रत मँडरिनची असायलाच हवी होती. गोड नारिंगात मात्र असे भाग सापडले, जिथे दोन्ही प्रती पपनसाच्या आहेत. म्हणजे आईकडूनही पपनसाचा वाटा आला आणि बापाकडूनही. दोन्ही पालक आधीच मिश्र होते. २०१३ ची मांडणी त्यामुळे पुरती निकालात निघाली नाही. पपनस आणि मँडरिन हे दोन वंश पक्के राहिले, आईकडचे हरितलवक पपनसाचे हेही राहिले. गेला तो फक्त सरळ दोन पायऱ्यांचा हिशेब. किती पिढ्या, कोणत्या क्रमाने, हे ते दोन पालक हाती नसताना नेमके सांगणे कठीण.

या अभ्यासातून निघालेली दुसरी गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक मोठी आहे. जगातली सारी गोड नारिंगे एकाच संकरित रोपाच्या प्रती आहेत. पुढे जे प्रकार झाले ते फांदीवर अचानक झालेल्या बदलांतून. नाभी नारिंग ब्राझीलच्या बाहियामधल्या अशाच एका फांदीचे, आणि १८७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला पोहोचलेल्या कलमांवर तिथला धंदा उभा राहिला. रक्तनारिंगाचा लाल रंग एका जनुकाजवळ घुसलेल्या उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्यामुळे येतो. लग्न एकदाच झाले. नंतर काही शतके नवीन बाप आलेला नाही.

योगायोगाची अपत्ये

जिथे संकराचा काळ नोंदींच्या कक्षेत येतो, तिथे कहाणी जास्त नेमकी होते. पपनसाच्या बिया पूर्वेकडून कॅरिबियन बेटांवर गेल्या आणि बार्बाडोसमध्ये गोड नारिंगाच्या शेजारी ती झाडे वाढली. ग्रिफिथ ह्यूजने १७५० मध्ये बार्बाडोसच्या निसर्गवर्णनात ‘निषिद्ध फळा’ची नोंद केली. आजच्या ग्रेपफ्रूटच्या सर्वात जुन्या नोंदींपैकी ही एक मानली जाते. १८३० मध्ये जेम्स मॅकफेडियनने त्याला स्वतंत्र प्रजातीचे नाव दिले. पुढे शंभरावर वर्षे ते पपनसाचेच एक रूप समजले जात होते. डीएनए-खुणांनी पपनस आई आणि गोड नारिंग बाप हे नाते पक्के केले. बापात आधीच पपनस होते, म्हणून ग्रेपफ्रूटमध्ये पपनसाचा वाटा अर्ध्याहून जास्त भरतो.

क्लेमेंटाइनच्या बाबतीत बाप चुकीचा लावला गेला होता. अल्जीरियात ओरानजवळच्या मिसर्गिन इथे ख्रिस्ती धर्मबंधू क्लेमां रोदिये अनाथाश्रमाची बाग सांभाळत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांना तिथे एक वेगळे संत्र्याचे झाड आढळले. वनस्पतिशास्त्रज्ञ लुई त्राब्यू यांनी १९०२ मध्ये त्याला क्लेमेंटाइन हे नाव दिले आणि आई भूमध्य-प्रदेशी मँडरिन, बाप आंबट नारिंग अशी समजूत रूढ झाली. नंतर काहींना ते चीनमधले जुनेच मँडरिन वाटले. जीनोमने आई बरोबर ठरवली, बाप बदलला. तो आंबट नव्हे, गोड नारिंग आहे.

जपानच्या सात्सुमा संत्र्याची गोष्ट याच्या उलट. बियांशिवाय वाढणारे हे संत्रे कागोशिमा प्रांतातल्या नागाशिमा बेटावर उगवले, असे मानले जाते. त्याच्या पालकांबद्दल कागदी पुरावा नव्हता. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी देशातल्या जुन्या जातींच्या डीएनए-खुणा एकमेकींशी ताडल्या आणि आई किशू मिकान, बाप कुनेन्बो हे नाते ठरवले. हे जमले, कारण दोन्ही पालक जातींच्या प्रती जपानी संग्रहांत जिवंत होत्या. गोड नारिंगाच्या बाबतीत नेमकी हीच सोय नाही.

पूर्वज तरी शुद्ध होते का?

तीन मूळ वंशांच्या चित्रात मँडरिन सर्वात गोंधळाचे निघाले. वू यांच्या तुलनेत लागवडीतल्या जवळजवळ प्रत्येक गोड मँडरिनात पपनसाचा कमी-जास्त अंश आढळला. शुद्ध मँडरिन लहान, अतिशय आंबट आणि खाण्याजोगे नव्हते. फळ मोठे आणि गोड होत गेले, त्याबरोबर पपनसाचा अंशही वाढत गेला. म्हणजे ‘मँडरिन आणि पपनस यांचा संकर’ म्हणताना आपण ज्याला मँडरिन समजतो, तेच बऱ्याचदा अर्धवट संकर असते.

२०२१ मध्ये याच गटाने जपानच्या दक्षिणेकडल्या र्यूक्यू बेटांवरची रानटी संत्री अभ्यासली, तेव्हा तिथे मुख्यभूमीच्या मँडरिनपासून स्वतंत्र असलेली एक प्रजाती असल्याचे दिसले. ओकिनावातले लोकप्रिय आंबट शीकुवासा हे तिचे आणि मुख्यभूमीतल्या मँडरिनचे अपत्य ठरले. प्रयोगशाळेने जुने कोडे सोडवले आणि त्याच कामात एक नवा पूर्वज उभा केला.

पालकांची लेखी नोंद असलेल्या किन्नोचेही असेच आहे. महाराष्ट्राच्या बाजारात हिवाळ्यात ‘संत्री’ म्हणून विकली जाणारी मोठी, घट्ट सालीची फळे पुष्कळदा पंजाब-राजस्थानातून आलेली किन्नो असतात. कॅलिफोर्नियात हॉवर्ड फ्रॉस्ट यांनी १९१५ मध्ये ‘किंग’ आणि ‘विलो लीफ’ या दोन मँडरिनांचा संकर केला आणि १९३५ मध्ये किन्नो बाहेर आणली. आईबाप माहीत, साल माहीत, करणारा माहीत. पण किंग स्वतः आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेला मिश्र प्रकार आहे आणि विलो लीफमध्येही पपनसाचा अंश आहे. एक पिढी मागे गेले की नोंद संपते.

हे कळून काय साधते?

वंशावळ हा केवळ हौसेचा विषय नाही. पहिला संबंध औषधांशी आहे. कॅनडातल्या डेव्हिड बेली यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवले की ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर रक्तदाबाची फेलोडिपीन ही गोळी घेतली तर तिचे रक्तातले प्रमाण खूप वाढते. याला कारणीभूत फ्युरॅनोकुमारिन द्रव्ये पपनस, महाळुंग आणि पापेडा या वंशांत भरपूर असतात, मँडरिनमध्ये फार कमी. त्यामुळे एखाद्या फळात कोणत्या पूर्वजाचा वाटा किती, हे औषध घेणाऱ्यांना सल्ला देताना उपयोगी पडते.

दुसरा संबंध खुंटाशी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत ट्रिस्टेझा विषाणूने दक्षिण अमेरिकेतल्या आंबट नारिंगाच्या खुंटावरच्या बागा मोडून टाकल्या. ब्राझीलमधल्या नारिंग-उत्पादकांनी मग रंगपूर लिंबाचा खुंट धरला. तो या रोगात तग धरतो आणि कोरड्या जमिनीतही वाढतो. बंगालमधल्या रंगपूरचे नाव घेतलेल्या या संकरावर साओ पाउलोतल्या असंख्य बागा उभ्या राहिल्या. विदर्भातही पाण्याचा ताण पडणाऱ्या जमिनीत रंगपूर आणि इतरत्र जंभेरी, अशी निवड शेतकरी करतात, आणि डिंक्याच्या प्रादुर्भावातही खुंटांतला फरक जाणवतो. खुंटाची खरी ओळख पटली तरच हा अनुभव एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नेता येतो.

तिसरा संबंध सर्वात गंभीर. गोड नारिंगांची जगभरची झाडे वंशाने एकच असल्यामुळे एखादा रोग एका जातीला भोवला तर साऱ्यांनाच भोवतो. फ्लोरिडात २००५ मध्ये ग्रीनिंग हा सायला किडीमार्फत पसरणारा जिवाणुजन्य रोग आढळला. त्यानंतरच्या वीस वर्षांत तिथले नारिंगाचे उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. रोगाला दाद न देणारा नवा गुण गोड नारिंगात बाहेरूनच आणावा लागेल. नवा संकर केला की मात्र जुनी चव राहत नाही. पपनस आणि संत्र्याचा संकर करून दुसरी मोसंबी मिळेल, असे कोणी वचन देऊ शकत नाही, कारण ज्या दोन मिश्र झाडांपासून पहिली झाली ती झाडे आपल्याकडे नाहीत.

उरलेले प्रश्न कुठे सुटतील?

आजवरचा हिशेब असा मांडता येतो. वंशांची यादी बरीचशी पक्की झाली, पण ती अजून वाढते आहे. लेमन, कागदी लिंबू, जंभेरी, रंगपूर, आंबट नारिंग, ग्रेपफ्रूट, क्लेमेंटाइन, सात्सुमा यांच्या आईबापांची बाजू ठरली. गोड नारिंगाचे दोन्ही पालक मिश्र होते एवढे ठरले, पालक नाही. कागदी लिंबाचे आईबाप ठरले, त्यांची भेट कुठे झाली ते नाही.

पुढचा प्रकाश नवीन यंत्रातून जेवढा येईल, त्याहून जास्त जुन्या झाडांतून येईल. जीनोम तुलनेनेच वाचला जातो. ज्याच्याशी ताडून पाहायचे ते रानटी किंवा घराशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले झाडच तोडले गेले, तर कितीही चांगले यंत्र मुके राहते. सात्सुमाचा निकाल लागला तो किशू आणि कुनेन्बो जपले गेले म्हणून. भारतात हा ठेवा ईशान्येत आहे. मेघालयातल्या गारो टेकड्यांवर नोक्रेक परिसरात लिंबूवर्गीयांचे जनुक-अभयारण्य आहे. तिथली ‘मेमांग नारंग’ ही रानटी जात काहींच्या मते स्वतंत्र मूळ प्रजाती आहे, तर काहींना तीही संकर वाटते. आसामच्या काजी नेमूला २०२४ मध्ये राज्यफळाचा मान मिळाला. बाजारभाव असलेल्या फळाला असे राखणदार मिळतात. खरी अडचण बाजारभाव नसलेल्यांची आहे: परसातले जुने ईडलिंबू, कोकणातले आंबट पपनस, देवळामागचे महाळुंग, डोंगरातले कडू-आंबट नारिंग.

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी अशा झाडांचे संग्रह आहेत. पण प्रत्येक गावातले झाड संस्थेत नेता येणार नाही. बागायतदार आणि पन्हेरीवाले यांनी खुंटाच्या मातृवृक्षांची नोंद ठेवणे आणि परसातली अपरिचित झाडे तोडण्याआधी त्यांचा डोळा कुठेतरी भरून घेणे, ही कमी खर्चाची आणि आजच करता येण्याजोगी कामे आहेत. पुढच्या संशोधकाला मोसंबीचा हरवलेला पालक सापडलाच, तर तो कुणाच्या प्रसिद्ध बागेत सापडण्याची शक्यता कमी. त्याचे फळ बहुधा लहान, आंबट आणि बाजारात न खपणारे असेल. खपत नाही एवढ्याच कारणावरून झाड काढायचे की नाही, हे ठरवताना ही शक्यता हिशेबात धरायला हवी.